दिवाळी अंकातले फोटो छापून आले की काळवंडतात. फाइल नेमकी कशी द्यायची?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक आम्ही सहा-सात जण मिळून काढतो. १२८ पानं. त्यातली १६ रंगीत, आर्ट पेपरवर. बाकीची एकरंगी, मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या कागदावर. मजकूर, मुद्रितशोधन, जाहिराती सगळं घरचंच. फोटोंचं काम गेल्या वर्षीपासून माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी जेजुरीच्या सोमवती अमावस्येवर चार पानांचा लेख होता. फोटो आमच्याच गावातल्या मुलाचे. तो रात्रीपासून गडावर ठाण मांडून होता. पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघताना भंडाऱ्याची उधळण झाली, तो क्षण त्याने असा टिपला होता की स्क्रीनवर बघतानाही अंगावर काटा यायचा. अंक हातात आला तेव्हा त्याच फोटोतला भंडारा शेवाळल्यासारखा हिरवट आणि खांदेकऱ्यांचे चेहरे काळेठिक्कर. कुणाचे डोळेसुद्धा दिसत नव्हते. त्या मुलाने अंक चाळला, त्या पानावर थांबला आणि काही न बोलता मिटून ठेवला. मला ते फार लागलं.

छापखान्यात विचारलं तर "तुमची फाइलच तशी होती" म्हणाले. तसं असेलही. मला फोटोशॉप कामापुरतं येतं, पानं इनडिझाइनमध्ये लावतो. यंदाही त्याच मुलाचे फोटो घ्यायचे आहेत. हातात महिनाभर आहे. सुरुवात कुठून करू?

निशिगंध

गेल्या वर्षी छापायला दिलेली फाइल असेलच तुमच्याकडे. त्या फोटोचे पिक्सेल किती, आरजीबी (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) होता की सीएमवायके (छपाईच्या चार शाई: सायन, मॅजेंटा, यलो, काळी), आणि मूळ फोटो तुमच्यापर्यंत कसा आला, एवढं इथे टाका. त्याशिवाय कुणीही अंदाजच करेल.

कऱ्हाकाठ

१२०० × १६०० पिक्सेल, ३०० डीपीआय, सीएमवायके, जेपेग. छापखान्याने "३०० डीपीआय, सीएमवायके" एवढंच सांगितलं होतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तेव्हा ७२ दाखवत होता. मी इमेज साइझमध्ये जाऊन ३०० केलं, मोड बदलून सीएमवायके केला आणि पूर्ण पानभर लावला.

शाईवाला

पुण्यात नारायण पेठेत फिल्मच्या दिवसांपासून प्री-प्रेसचं, म्हणजे छपाईआधी फायली आणि प्लेटा तयार करण्याचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोटोचा आकार, रंगाचं रूपांतर आणि तुमचा मॉनिटर, असे तीन वेगळे प्रश्न एकात एक गुंतलेत. आधी आकाराचं बघू.

डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके याचा आकडा फोटोत नसतो, फोटोत फक्त पिक्सेल असतात. तुम्ही ७२ चे ३०० केलेत तेव्हा फाइलवरची चिठ्ठी बदलली, आतला माल तेवढाच राहिला. १२०० पिक्सेल चार इंचांत बसवले तर इंचाला ३०० मिळतात. तेच साडेसात इंचांत ताणले तर १६० उरतात. तुमचा अंक २० × ३० च्या कागदातून निघणाऱ्या ७.२५ × ९.५ इंचांचा असावा असं धरतो. पूर्ण पानाच्या फोटोला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड लागतं, नाहीतर कटिंगला पातं केसभर सरकलं तरी कडेला पांढरी रेघ दिसते. ब्लीडसकट ३०० ने हिशेब केला की साधारण २२५० × २९२० पिक्सेल लागतात. तुमच्याकडे त्याच्या निम्मेच होते.

हा ३०० चा आकडाही कुणी देवघरातून आणलेला नाही. आर्ट पेपरवर साधारण १५० लाइनची स्क्रीन लागते, म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या १५० ओळी. त्याच्या दुप्पट पिक्सेल असले की ठिपके नीट भरतात, म्हणून ३००. मॅपलिथोवर १३३ ची स्क्रीन असेल तर २६६ पुरतात. २५० वर कुणी अडत नाही. १६० वर मात्र भंडाऱ्याचे कण जाऊन पिवळा चिखल होणारच.

इनडिझाइनमध्ये लिंक्स पॅनलला फोटोवर क्लिक केलं की दोन आकडे दिसतात, अ‍ॅक्च्युअल पीपीआय आणि इफेक्टिव्ह पीपीआय. पहिल्याकडे बघूच नका, दुसरा बघा. गेल्या वर्षीची फाइल आत्ता उघडून तो किती दाखवतो ते सांगा.

कऱ्हाकाठ

१६०. अगदी तुम्ही म्हणालात तेवढाच.

मग फोटोशॉपमध्ये रिसॅम्पलवर टिक करून पिक्सेल वाढवले असते तर?

शाईवाला

आकडा ३०० झाला असता, पण ते पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरलेले. दहा-पंधरा टक्के वाढवायचं असेल तर मी करतो, दुप्पट कधीच नाही. हल्ली एआयने मोठं करून देणारी साधनं आहेत. डोंगर, आकाश याला चालतील. पण पालखीच्या खांदेकऱ्याच्या चेहऱ्यावर ती नवेच डोळे बसवतात. त्याच्या घरचे अंक बघतील तेव्हा तो माणूस त्यांचाच दिसला पाहिजे. लेखासोबतच्या फोटोला मी ते लावू देत नाही.

मूळ फाइल मागवा. कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे काहीच प्रक्रिया न झालेली फाइल असेल तर सर्वांत उत्तम. ड्राइव्हवरून घ्या, पेन ड्राइव्ह घ्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत असते. माहेरगावच्या अंकाला दरवर्षी इथल्या गणपतीचे फोटो पाठवते. मागे एकदा आयफोनवरून थेट पाठवलेल्या हाइक (HEIC) फायली तिकडे उघडल्याच नाहीत, म्हणून कुणीतरी कुठल्याशा वेबसाइटवर त्या बदलून घेतल्या. छापून आल्यावर गणपतीचं लाल पितांबर विटकं दिसलं. ते का झालं असेल?

फिरस्ता

ताई, आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या प्रोफाइलमध्ये (फाइलमधले आकडे म्हणजे नेमके कुठले रंग ते सांगणारी नोंद) असतात. तो रंगांचा आवाका नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा मोठा आहे. फाइल बदलताना प्रोफाइल गळून पडलं की पुढचं सॉफ्टवेअर तेच आकडे एसआरजीबी समजून वाचतं आणि रंग फिके पडतात. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलंत तर जेपेगच निघतील. आणि मधल्या वेबसाइटवर टाकूच नका.

कऱ्हाकाठ, मी लग्नांचे अल्बम करतो, मासिकांनाही फोटो देतो. तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्या मॉनिटरचा ब्राइटनेस किती असतो?

कऱ्हाकाठ

पूर्ण. खोलीत उजेड कमी आहे, त्यामुळे वाढवूनच ठेवतो.

फिरस्ता

मग चेहरे तिथेच काळे झाले. अंधाऱ्या खोलीत मॉनिटर पूर्ण पेटलेला असला की सावलीतला चेहरा आपल्याला उजळ वाटतो आणि आपण त्याला हातच लावत नाही. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, वरून पडेल तेवढाच तो परत देतो. माझी घरगुती पद्धत सांगतो. मॉनिटरवर रिकामी पांढरी खिडकी उघडायची, शेजारी ज्या कागदावर छापायचं त्याचा कोरा ताव उजेडात धरायचा आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. माझ्याकडे तो १०० वरून ३० पर्यंत आला होता. पहिले दोन दिवस स्क्रीन मळकट वाटते. मग डोळा बसतो आणि कुठला फोटो खरंच अंधारा आहे ते कळायला लागतं. कॅलिब्रेशनचं यंत्र कुणाकडून दोन दिवस मिळालं तर फारच चांगलं.

शाईवाला

फिरस्ता यांनी नेमकं बोट ठेवलं. मॉनिटरचा प्रश्न मिटला, आता रंगांचं.

फोटोशॉपमध्ये नुसता 'मोड, सीएमवायके' केला की ते सेटिंगमध्ये पडलेलं प्रोफाइल वापरतं. बहुतेकांकडे ते अमेरिकन वेब ऑफसेटचं (कागदाच्या रिळावर छापणाऱ्या मशीनचं), स्वॉप व्ही२ असतं, कारण कुणी बदललेलंच नसतं. तुमचं काम सुट्या तावांवर छापणाऱ्या शीटफेड मशीनवर, इथल्या आर्ट पेपरवर. म्हणून छापखान्याला आधी विचारा: रंगीत फर्म्याचा (एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांच्या संचाचा) कागद कुठला, प्रोफाइल कुठलं, एकूण शाई (चारही शाईंच्या टक्क्यांची बेरीज) जास्तीत जास्त किती चालेल. त्यांनी प्रोफाइल सांगितलं नाही तर आर्ट पेपरला फोग्रा३९ या छपाईच्या मानकावर आधारलेलं आयएसओ कोटेड व्ही२ धरा. त्याचीच ३०० टक्क्यांची आवृत्ती मिळते, ती घ्या. दिवाळीच्या घाईत ताव सुकायला वेळ मिळत नाही. शाई जास्त झाली की एका तावाची शाई वरच्या तावाच्या पाठीला लागते. फोटोशॉपच्या इन्फो पॅनलमध्ये 'टोटल इंक' ठेवा आणि फोटोतल्या सर्वांत काळ्या जागेवर कर्सर फिरवा. ३४० दिसलं तर तिथे सेट-ऑफ ठरलेला.

सगळी सुधारणा आरजीबीमध्ये करा आणि ती फाइल वेगळी जपून ठेवा. प्रूफ सेटअपमध्ये ते प्रोफाइल निवडून कंट्रोल-वाय दाबत राहा, म्हणजे कागदावर काय होणार याचा अंदाज येतो. सगळं मनासारखं झालं की शेवटी कन्व्हर्ट टू प्रोफाइल. असाइन प्रोफाइल नव्हे, त्याने आकडे तेच राहून रंग भलतेच होतात.

आता भंडारा. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण जेजुरीची पानं मी निदान पंधरा वर्षं लावली असतील.

भंडाऱ्याचा पिवळा म्हणजे यलो ९० ते १००, त्यात मॅजेंटा १० ते २०. सायन तिथे जवळजवळ नकोच. तुमचा फोटो पहाटेचा असावा, उजेड निळसर, म्हणून पिवळ्यात आठ-दहा टक्के सायन शिरला असणार. स्क्रीनवर तो जाणवत नाही. कागदावर ठिपका फुगतो. आर्ट पेपरवर पन्नास टक्क्यांचा ठिपका चौसष्ट-पासष्टच्या आसपास दिसतो. प्रोफाइल कागदाशी जुळणारं असेल तर ही वाढ त्यात धरलेली असते, चुकीचं असेल तर कोण धरणार? पिवळ्यावर सायन चढला की हळद जाऊन शेवाळ येतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पिवळी शाई इतकी फिकी असते की नुसत्या यलो प्लेटवरचे (प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते) बारकावे डोळ्याला दिसतच नाहीत. उधळलेल्या भंडाऱ्याचा ढग, त्यातले लोळ, उन्हाची तिरीप, हे सगळं मॅजेंटाच्या प्लेटवर असतं. फोटो सीएमवायके केल्यावर चॅनल्समध्ये फक्त मॅजेंटा उघडून बघा. करड्या छटांत तिथे ढग ढगासारखा दिसला तर छापून येईल. सपाट दिसला तर यलो कितीही वाढवा, पानावर पिवळा डागच पडणार. असा सपाटपणा बहुधा सॅच्युरेशन ओढल्याने येतो. रॉ फाइलवर परत जा, सॅच्युरेशन खाली घ्या, हायलाइट्स जरा ओढून घ्या. फोटो आरजीबीत असताना हिरव्या चॅनलमध्ये जो तपशील दिसतो तोच पुढे मॅजेंटात उतरतो.

कुंकवाच्या आणि पितांबराच्या लालाला हेच उलट्या बाजूने लागू पडतं. तिथे मॅजेंटा-यलो दोन्ही भरलेले असतात, चुण्या दाखवायचं काम थोडासा सायन करतो. तिथला सायन सगळा पुसून टाकलात तर पितांबर प्लॅस्टिकचं दिसेल.

ओवी_

चॅनल उघडून बघायचं हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आत्ता गुलालाच्या मिरवणुकीचा फोटो काढून बघितला. मॅजेंटा पूर्ण भरलेला आणि सायनमध्ये गर्दीतली माणसं दिसतात. तरीही प्रूफ लावलं की गुलाल मंदच होतो. त्याला काही उपाय?

शाईवाला

ओवीताई, चार शाईंत तेवढा झळझळीत गुलाबी बसत नाही. राणी रंगाची पैठणी, झेंडूचा गर्द केशरी, कासच्या पठारावरच्या फुलांचा निळा-जांभळा, यांचंही तेच. पाचवी शाई लावणं दिवाळी अंकाच्या खर्चात बसत नाही. आजूबाजूचे रंग थोडे शांत केलेत तर त्यांच्यामध्ये गुलाल उठून दिसतो. मी ढोलावरचा, कपड्यांवरचा रंग जरा उतरवतो आणि गुलालाला हात लावत नाही.

वाचनवेडी

कऱ्हाकाठ, तुमची बाकीची पानं एकरंगी आहेत म्हणून सांगते. आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकात दिवंगत प्राचार्यांना श्रद्धांजलीचं पान होतं, एकरंगी फर्म्यात. फोटो रंगीत सीएमवायकेच राहिला. छापखान्याने त्या फर्म्याची फक्त काळी प्लेट काढली. चेहऱ्याचा सगळा ऐवज मॅजेंटात आणि यलोत राहिला, काळ्या प्लेटवर भुवया, चष्म्याची कडा आणि केसांची थोडी रेघ. सरांच्या पत्नीला पहिला अंक द्यायला मीच गेले होते. पान उघडायच्या आधीच मी त्यांना सांगितलं की फोटो चुकला आहे. त्या चांगल्या आहेत, काही बोलल्या नाहीत. पण मी त्यानंतर प्रत्येक एकरंगी पानाचा फोटो स्वतः ग्रेस्केल करून, पीडीएफमध्ये सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडून, काळा सोडून बाकी तिन्ही रंग बंद करून बघते. चेहरा दिसला तरच फाइल जाते.

शाईवाला

वाचनवेडीताईंचं हे प्रत्येकाने लिहून ठेवावं. त्यात मॅपलिथोचं जोडतो. तो कागद शाई पितो. ग्रेस्केल करताना कलर सेटिंगमध्ये ग्रेला डॉट गेन, म्हणजे ठिपक्याचं फुगणं, २५ किंवा ३० टक्के निवडा. काळं ९० च्या वर जाऊ देऊ नका, पांढऱ्यात ३-४ टक्क्यांचा ठिपका राहू द्या. स्क्रीनवर फोटो जरासा उडालेला वाटेल, कागदावर बरोबर बसेल. सावळ्या चेहऱ्यांची मधली छटा कर्व्हने थोडी उघडा. आपल्याकडच्या अंकांत सर्वांत जास्त नुकसान सावळ्या माणसांच्या चेहऱ्यांचं होतं आणि ते टाळता येतं.

ओवी_

जुन्या फोटोंचंही सांगाल का? आमच्या वाचनालयाच्या शताब्दी अंकाला १९४०-५० मधले फोटो आहेत. काही मूळ प्रिंट, काही त्या वेळच्या अंकांतून कापलेले.

निशिगंध

याचं मी सांगते, माझं तेच काम असतं. मूळ प्रिंट असेल तर किती पट मोठा करायचा त्यावर स्कॅन ठरवायचं. २ × ३ इंचांचा फोटो ४ × ६ छापायचा तर ६०० ला स्कॅन करा. टिफमध्ये ठेवा, जेपेग दर वेळी सेव्ह करताना थोडं थोडं झिजतं. कृष्णधवल असला तरी रंगीत स्कॅन करा. पिवळे डाग, शाईचे ठिपके वेगळ्या चॅनलवर सापडतात आणि पुसणं सोपं होतं, नंतर ग्रेस्केल.

अंकातून कापलेला असेल तर त्यात जुन्या ब्लॉकचे ठिपके आहेतच. त्यावर तुमच्या छपाईची जाळी चढली की लुगड्याच्या चौकड्यासारखी नक्षी उमटते. ६०० ला स्कॅन, स्कॅनरमध्ये डिस्क्रीन (जुने ठिपके मिटवणारं सेटिंग) चालू, मग जरासं धूसर करून छपाईच्या आकाराला आणा, आणि शेवटी शार्पन. मूळ प्रिंट कुणाच्या घरी मिळते का ते मात्र आधी शोधा. आम्हाला एकदा एका आजींच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत मिळाली होती. त्या एका प्रिंटने चार दिवसांचं काम वाचलं.

कऱ्हाकाठ

तीन आठवड्यांनी परत लिहितोय.

मुलाकडून रॉ फायली आणल्या. ब्राइटनेस उतरवला, आणि गेल्या वर्षीचा मूळ फोटो पुन्हा उघडून बघितला. चेहरे खरंच अंधारात होते, माझ्या डोळ्याला तेव्हा ते कळलं नव्हतं. छापखान्यात जाऊन तिन्ही प्रश्न विचारले. प्रोफाइलचं त्यांनी प्लेट काढणाऱ्याला फोन करून विचारलं आणि आयएसओ कोटेड व्ही२ च सांगितलं. शाई ३०० पर्यंत.

यंदाच्या उधळणीच्या फोटोचा मॅजेंटा चॅनल पहिल्यांदा उघडला तेव्हा सपाट होता. मुलाने एडिट करताना सॅच्युरेशन ओढलं होतं. दोघं शेजारी बसून रॉपासून पुन्हा केलं. मॅजेंटात ढग दिसायला लागला तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. सायन पिवळ्यात ९ वरून २ वर आणला. चेहऱ्यांना शाईवालेकाकांनी सांगितला तसा कर्व्ह दिला.

काल छापखान्यातून कागदावरचं प्रूफ आलं. भंडारा हळदीचाच आहे. पालखीच्या दांड्याखालच्या माणसाचे डोळे दिसतात, कपाळावरचा भंडारासुद्धा वेगळा कळतो. मुलाच्या हातात दिलं तर त्याने ते घरी नेलं, आजीला दाखवायला.

एकच अडचण उरली. हा फोटो दोन पानांवर पसरून लावायचा आहे. पालखी बरोबर मधोमध येते. शिवणीत जाईल का?

शाईवाला

जाईल. पालखी एका पानावर घ्या, फोटो इंचभर सरकवा. दोन पानं फर्म्याच्या मधली नसतील तर ती वेगवेगळ्या जागी छापली जातात आणि रंगात फरक पडू शकतो. शक्य असेल तर १६ पानी फर्म्याच्या मधल्या दोन पानांवर, म्हणजे ८ आणि ९ वर लावा. तिथे ताव सलग असतो.

आणि ते प्रूफ आजींकडून परत आणा. रंगीत फर्मा मशीनवर चढेल त्या दिवशी स्वतः जा, पहिले ताव निघाले की प्रूफ शेजारी ठेवून मशीनमनला दाखवा. शक्यतो दिवसा, दाराजवळच्या उजेडात बघा, ट्यूबखाली पिवळा फसवतो. यलो कमी वाटला तर त्यांना चेहऱ्याकडे बघून वाढवायला सांगा, भंडाऱ्याकडे बघून नाही.

कऱ्हाकाठ

८-९ वर घेतला. पालखी उजव्या पानावर. सोमवारी सकाळी नऊला मशीन लागतंय, मी आणि तो मुलगा दोघंही जाणार आहोत. प्रूफ आजींनी देव्हाऱ्याशेजारी लावलंय, रविवारी मागून घेतो.